किरणोपचाराची रंगीत तालीम : सिम्युलेशनचा इतिहास



आपल्या भागात कॅन्सरविषयी बोलायला लागलं की पहिल्यांदा ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘शेक’. डॉक्टर रेडिओथेरपी म्हणतात, केसपेपरवर आर.टी. लिहिलेलं असतं, पण घरातलं माणूस शेजाऱ्याला सांगतं, ‘ऑपरेशन झालं, आता तीस शेक घ्यायचेत.’ कोणी ‘लाईट’ म्हणतं, कोणी ‘करंट’. हे सगळे शब्द आम्हाला आवडतात, कारण ते लोकांनी स्वतः घडवलेत. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकू. शेकासारखं गरम काही लागत नाही. एक्स-रे काढताना जेवढं जाणवतं तेवढंच, म्हणजे काहीच नाही.

आणि दुसरी गोष्ट अशी की पहिल्या दिवशी शेक देतच नाहीत. आटपाडीहून पहाटेची गाडी धरून शंभरेक किलोमीटर लांब गेलेल्या माणसाला एका कडक, सपाट फळीवर झोपवतात. भिंतीवरून हिरव्या नाहीतर लाल रेघा अंगावर पडतात. अंगावर तीन ठिपके काढतात, सी.टी. स्कॅन करतात आणि म्हणतात, ‘आता घरी जा, फोन करू.’ सोबत आलेला मुलगा वैतागतो. एवढ्यासाठी आणलं होतं का आम्हाला? आजचं व्याख्यान त्या एका दिवसाबद्दल आहे. त्या दिवसाला म्हणतात सिम्युलेशन. मराठीत आम्ही त्याला रंगीत तालीम म्हणतो. नाटकवाल्यांच्या रंगीत तालमीत कपडे, दिवे, नेपथ्य सगळं खरं असतं, फक्त प्रेक्षक नसतात. इथं टेबल, मापं, झोपण्याची पद्धत सगळं खरं असतं, फक्त उपचाराचा किरण नसतो.

पण तालीम लागते कशाला? उत्तरासाठी पॅरिसला जावं लागेल, तेही मेंढ्यांमुळं.

मेंढा म्हटल्यावर आटपाडीत वेगळं काही सांगायला नको. उत्तरेश्वराच्या यात्रेतला बाजार आपण पाहिलेला आहे, माडग्याळी मेंढ्याची बोली लाखांत जाते हेही आपल्याला ठाऊक आहे. तर १९२०च्या दशकात पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉद रेगो नावाचे संशोधक मेंढ्यांवर किरणांचे प्रयोग करत होते. नराची बीजनिर्मिती किरणांनी कायमची थांबवायची, हा प्रयोग. एकाच वेळी मोठा डोस दिला तर वरची कातडी भाजून निघायची आणि काम मात्र पुरं व्हायचं नाही. तोच उपचार थोडा थोडा, अनेक दिवसांत वाटून दिला तर कातडी टिकायची आणि बीजनिर्मिती थांबायची. झपाट्यानं विभागणाऱ्या पेशी, म्हणजे गाठीसारख्या, वाटून दिलेल्या डोसानं मरतात आणि आजूबाजूच्या निरोगी पेशींना रात्रीत सावरायला वेळ मिळतो. त्याच संस्थेतल्या आंरी कुतार यांनी हे घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर वापरून दाखवलं.

आज आपल्याला पंचवीस, तीस, पस्तीस ‘शेक’ सांगतात, आठवड्याला पाच, त्याचं मूळ त्या मेंढ्यांपाशी आहे. आणि आमच्या सगळ्या डोकेदुखीचं मूळही तिथंच आहे. एकदाच द्यायचा असता तर नेम एकदाच धरायचा होता. तीसदा द्यायचा म्हणजे तीसदा तोच नेम, त्याच माणसावर, आणि माणूस तर रोज वेगळा झोपतो. किरणोपचाराचा इतिहास यंत्रांचा म्हणून सांगतात. आम्हाला तो झोपण्याचा इतिहास वाटतो.

आता आपल्या मुलखात येऊ. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटलचं उद्घाटन झालं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले, आणि त्यांच्या ट्रस्टनं हे रुग्णालय उभं केलं. तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. इथून मुंबई म्हणजे आधी बैलगाडी, मग मिरज-पंढरपूर ही बार्शी लाइट रेल्वेची छोटी लाइन, आणि पुढं मोठी गाडी. परळला डॉ. रामय्या नायडूंनी रेडॉनचा प्लांट उभारला होता. रेडियममधून निघणारा वायू गोळा करून बारीक नळ्यांत बंद करायचा आणि त्या गाठीत रोवायच्या. या वायूचं अर्धआयुष्य पावणेचार दिवसांच्या आसपास, म्हणजे माल नाशवंत. नायडू हे भारतातले पहिले मेडिकल फिजिसिस्ट मानले जातात. म्हणजे आमच्या धंद्याचे आद्यपुरुष.

रेडॉन गाठीतच ठेवायचा, त्यामुळं नेमाचा प्रश्न कमी. पण बाहेरून एक्स-रे द्यायचा झाला की काय करायचे? बोटांनी. डॉक्टर चाचपून गाठ शोधायचे आणि कातडीवर जांभळ्या औषधानं, जेंशन व्हायोलेटनं, चौकोन काढायचे. ‘आंघोळ करू नका, रंग जाईल’ ही ताकीद तेव्हापासूनची. किती खोलवर किती डोस पोचेल याचा हिशेब आमच्याकडे. त्यासाठी शिशाची मऊ तार रुग्णाच्या पोटाभोवती गुंडाळायची, अलगद काढायची आणि आलेख-कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवायची. शिंपी माप घेतो तसंच, फक्त शिंपी आकार विसरला तर सदरा बिघडतो. गिरवलेल्या आकारात मूत्राशय कुठं, मणका कुठं, हे शरीररचनेच्या पुस्तकातून बघून काढायचं. पुस्तकातला माणूस हा सरासरी माणूस. समोरची बाई खुरप्यावर वाकून वाकून पाठीत कमान आलेली असली तरी तिच्या पोटात पुस्तकातला मणका बसवायचा. मग पारदर्शक कागदावर छापलेल्या डोसच्या वक्ररेषा त्यावर ठेवायच्या, दोन बाजूंच्या रेषांचे आकडे प्रत्येक ठिकाणी हातानं बेरीज करायचे. एका रुग्णाचा एक आराखडा करण्यात दुपार जायची. १९५५मध्ये के. सी. त्सिएन यांनी ही बेरीज पंच कार्डांच्या गणनयंत्राकडून करून घेतली. संगणक आमच्या खोलीत शिरला तो असा, कारकून म्हणून. त्याला रुग्णाचं अंग दिसत नव्हतं, फक्त आकडे दिसत होते.

१९५१मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० वापरून उपचार सुरू झाले. हे यंत्र आपल्याकडे घराघरांत माहीत आहे, ‘कोबाल्ट लावलं’ असं म्हातारी माणसं अजून म्हणतात. जुन्या एक्स-रेपेक्षा कोबाल्टचा किरण कितीतरी खोल जातो आणि कातडी वाचवतो. पण एक अडचण. एवढ्या जोरदार किरणाला हाड आणि मांस यांत फारसा फरकच दिसत नाही. त्यानं फोटो काढला तर धुरकट, करडा. म्हणजे बंदूक जबरदस्त, पण बंदुकीला दुर्बीण नाही.

यातून सिम्युलेटर नावाचं यंत्र निघालं. ही युक्ती आम्हाला फार आवडते, कारण ती अगदी साधी आहे. कोबाल्ट यंत्राची हुबेहूब नक्कल करायची. तेच टेबल, तसाच गोल फिरणारा हात, टेबलापासूनचं अंतर तेच. फक्त डोक्यात कोबाल्टऐवजी छातीचा फोटो काढणारी साधी एक्स-रे नळी. रुग्णाला उपचारासारखंच झोपवायचं, हात फिरवायचा, पडद्यावर हाडं बघायची, तारेची चौकट सरकवून हवा तेवढा भाग घ्यायचा आणि फोटोवर लाल पेन्सिलीनं वाचवायचे अवयव दाखवायचे. १९६० आणि ७०च्या दशकांत जगभर हे यंत्र पसरलं.

वाचवायचे अवयव झाकायला शिसं लागायचं. आमच्यासमोर इथं गलाईवाल्या घरांतली बरीच मंडळी बसलेली आहेत, त्यांना यात रस वाटेल. हे साचे ओतण्यासाठी एक खास मिश्रधातू असतो. निम्मं बिस्मथ, पाव भागापेक्षा थोडं जास्त शिसं, बाकी कथील आणि कॅडमियम. चारांपैकी एकही धातू दोनशे अंशांच्या आत वितळत नाही, पण एकत्र केले की सत्तर अंशांवर पाणी होतात. चहा याहून गरम असतो. थर्मोकोलच्या ठोकळ्यात गरम तारेनं फुप्फुसाचा नाहीतर मूत्रपिंडाचा आकार कापायचा, त्यात हा धातू ओतायचा, आणि उपचार संपला की वितळवून पुढच्या रुग्णासाठी वापरायचा. कॅडमियमची वाफ वाईट, म्हणून खिडकीशी पंखा लावून काम. अशा साच्यांची रांग रुग्णाच्या नावाच्या चिठ्ठ्यांसकट फळीवर लावलेली असायची. आता नव्या यंत्रांत टंगस्टनच्या पातळ पट्ट्या आपोआप सरकून आकार करतात, त्यामुळं ओतकाम संपत आलंय.

पण सिम्युलेटरला दिसायची ती हाडं. गाठ मांसात असते. हाडावरून गाठीचा अंदाज, हाच प्रकार चालू राहिला.

इथं एका माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. १९५६ साली दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला ॲलन कॉर्मॅक नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. तिथल्या ग्रूट शूर रुग्णालयाचा फिजिसिस्ट सोडून गेला. किरणोत्सारी पदार्थ वापरायचे तर कायद्यानं फिजिसिस्ट हवाच, म्हणून कॉर्मॅक आठवड्यातला दीड दिवस तिथं जायला लागले. त्यांनी आमचे ते आराखडे पाहिले, पारदर्शक कागदवाले. त्यांना पहिल्याच पाहण्यात खटकलं, की हे लोक माणूस आतून एकसारखा आहे असं धरून चाललेत. जणू पाण्यानं भरलेली घागर. पण छातीत फुप्फुसं आहेत, त्यांत हवा आहे, किरण तिथून सहज निघून जातो. बरगडीत तो अडतो. हिशेब बरोबर यायचा तर आतल्या प्रत्येक ठिकाणी किरण किती अडतो याचा नकाशा पाहिजे, आणि तो बाहेरून मोजून काढता आला पाहिजे.

कॉर्मॅक यांनी गणित मांडलं. पडताळ्यासाठी लाकडाच्या कड्यात ॲल्युमिनियमची गोल चकती बसवली आणि आरपार मापं घेतली. गणितानं लाकूड कुठं, धातू कुठं हे दाखवलं, पण चकतीच्या मध्यावर किरण किंचित कमी अडतो असंही दाखवलं. चौकशी केली तर कळलं, की वर्कशॉपनं चकतीच्या मध्यात थोड्या शुद्ध ॲल्युमिनियमची खुंटी बसवलेली होती. न उघडता आतलं दिसलं होतं. १९६३ आणि ६४मध्ये त्यांनी हे छापलं. प्रतिसाद जवळपास शून्य. ज्या थोड्या लोकांनी निबंधाची प्रत मागवली त्यांत स्वित्झर्लंडमधलं हिमकडे कोसळण्याचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं.

पुढं इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी स्वतंत्रपणे यंत्र बांधलं आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सी.टी. स्कॅन झाला. १९७९चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. सी.टी. म्हटलं की लोकांना वाटतं ते रोग शोधायचं यंत्र. पण त्यामागच्या गणिताचा एक पाय किरणोपचाराच्या आराखड्यात आहे, ‘शेक’ देणाऱ्यांच्या अडचणीत आहे. आमच्या विषयाच्या इतिहासात ही गोष्ट फार कमी सांगितली जाते, म्हणून आज मुद्दाम वेळ घेतला.

सी.टी. आल्यावर दृश्य पालटलं. आता समोरच्या बाईचा स्वतःचा मणका, स्वतःचं मूत्राशय, आणि प्रत्येक ठिकाणची घनता संगणकात. १९८३मध्ये अमेरिकेत मायकेल गॉइटीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणाच्या डोळ्यानं बघायची सोय केली. म्हणजे किरण जिथून निघतो तिथं आपण बसलोय असं समजा, तिथून गाठ कशाच्या मागं लपते ते पडद्यावर बघा आणि कोन बदला. मग त्याच दशकाच्या शेवटी जॉर्ज शेरूझ आणि मंडळींनी म्हटलं, की सिम्युलेटरचं सगळं काम या संगणकातल्या शरीरावरच का करू नये? ‘व्हर्च्युअल सिम्युलेशन’ ते हेच. रुग्ण अर्धा तास झोपतो आणि घरी जातो. त्याच्या मागं त्याचं संगणकातलं शरीर राहतं. डॉक्टर त्यावर गाठ रंगवतात, आम्ही चार-पाच किंवा नऊ दिशांनी किरण लावून बघतो, नको वाटलं तर पुसतो. म्हणूनच ‘घरी जा, फोन करू’. त्या आठवड्यात कुणी आराम करत नसतं.

इथवर गोष्ट छान आहे. आता तिची दुसरी बाजू.

जांभळ्या चौकोनाच्या काळात नेम ढोबळ होता, म्हणून चौकोन मोठा घ्यायचे. रुग्ण सेंटिमीटरभर इकडंतिकडं झोपला तरी गाठ चौकोनातच. किंमत निरोगी मांसानं मोजायची. तोंड कायमचं कोरडं पडायचं, लघवीतून रक्त जायचं. संगणकानं चौकोन आक्रसत गाठीच्या अंगालगत आणला. तोंडातल्या लाळेच्या ग्रंथी वाचायला लागल्या. पण आता अर्धा सेंटिमीटर सरकलं तरी गाठीची कड उपचाराबाहेर राहू शकते. आराखडा जितका नेमका, तितकी झोपण्यातली चूक महाग. १९९३च्या एका आंतरराष्ट्रीय अहवालानं, आयसीआरयू ५० त्याचं नाव, याला नियमाचं रूप दिलं. दिसणारी गाठ, तिच्याभोवती न दिसणारा पसारा, आणि त्याभोवती आणखी एक कड, ती केवळ आमच्या आणि रुग्णाच्या हलण्यासाठी. आम्हाला हा अहवाल प्रामाणिक वाटतो. आमच्या चुकीला त्यात जागा आखून दिलेली आहे, मिलिमीटरमध्ये.

ती कड कमी करायची तर माणूस रोज तसाच झोपला पाहिजे. म्हणून मास्क. प्लॅस्टिकची जाळीदार पत्री गरम पाण्यात मऊ करतात, चेहऱ्यावर ओढतात, काही मिनिटांत ती कडक होते. म्हणून ठिपके. कुठं शाईचे, कुठं सुईनं गोंदलेले. आपल्या आजीच्या हातावर तुळस आणि कपाळावर टिकली गोंदलेली असते, तिला याचं काही वाटत नाही. कॉलेजातली मुलगी मात्र विचारते, हा जाईल ना? जात नाही, पण तिळाएवढाच असतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये मूत्राशय रोज सारखं भरलेलं हवं, म्हणून ठरावीक पाणी पिऊन ठरावीक वेळ थांबायला सांगतात. दोन-तीन तास एस.टी.त बसून आलेल्या बाईला हे सांगणं सोपं नाही. ती प्रवासात पाणीच पीत नाही, कारण उतरायची सोय कुठं असते? आराखडा भरलेल्या मूत्राशयावर केलेला आणि रोजचं मूत्राशय रिकामं, असं झालं तर आतडं खाली उतरून किरणाच्या वाटेत येतं. आणि माणूस वाळला की मास्क ढिला पडतो. मग तालीम पुन्हा.

भारतात ही कामं करायला माणसं घडवावी लागली. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात १९६२पासून रेडिओलॉजिकल फिजिक्सचा अभ्यासक्रम चालतो, देशातले कितीतरी फिजिसिस्ट त्यातूनच आले. त्याच ट्रॉम्बेनं पुढं भाभाट्रॉन हे देशी कोबाल्ट यंत्र केलं आणि ‘इमॅजिन’ नावाचा देशी डिजिटल सिम्युलेटरही. परदेशी यंत्रांच्या किमती बघितल्या की त्याचं महत्त्व कळतं. कोबाल्टची ताकद सव्वापाच वर्षांनी निम्मी होते, त्याच डोसाला दुप्पट वेळ लागतो, तेवढा वेळ रुग्णाला निश्चल झोपावं लागतं. किरण तयार करायला कोबाल्टला वीज लागत नाही, ही मात्र लहान गावांसाठी जमेची बाजू.

या सगळ्यात सर्वांत कमी मोजलं गेलेलं माप म्हणजे अंतर. बार्शीला १९८७मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि त्यांचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, बायकांशी बोलले, आणि काही वर्षांत असं दिसलं की गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडायला लागलाय. नवीन यंत्र न आणता. आधीच्या टप्प्यातली गाठ लहान, आणि लहान गाठीला आमचा नेमका किरण खरा उपयोगी.

आता सी.टी.चं चित्र तारेवरून जगात कुठंही जातं, आराखडा दुसऱ्या शहरात बसून करता येतो. शरीर मात्र तीसदा प्रत्यक्ष जावं लागतं. मध्ये खंड पडला तर गाठीच्या पेशी पुन्हा वाढायला लागतात. गर्भाशयमुखाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार ठरल्यापेक्षा लांबला, तर दर दिवसामागं रोग आटोक्यात येण्याची शक्यता टक्काभर घटते, असं अनेक अभ्यासांतून दिसलंय. डाळिंबाची तोडणी आली म्हणून आठ दिवस गेला नाही, याचा अर्थ काय होतो ते या आकड्यात आहे. म्हणून राहायची सोय हा उपचाराचाच भाग धरायला हवा. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना जागा देते. आटपाडी-खानापूरची माणसं गलाईच्या निमित्तानं देशभरच्या शहरांत आहेत, प्रत्येक घराचा कुणी ना कुणी तिकडं असतो. आम्ही तर रुग्णाला तारीख देण्याआधी विचारतो, उतरणार कुठं?

एवढ्यावर थांबतो. वेळ झालेली आहे, पण एक चिठ्ठी आलीय ती वाचतो. ‘सासूबाईंच्या पोटावर शाईच्या रेघा काढल्यात. महिनाभर आंघोळ नाही का? आणि रेघ पुसट झाली तर काय करायचं?’

ताई, आंघोळ करायची. कोमट पाणी, त्या जागेवर साबण नको, घासायचं नाही, टॉवेलनं टिपून घ्यायचं. आणि रेघ पुसट झाली तर घरी पेननं गिरवायची नाही. नातवंडं अगदी मनापासून गिरवून देतात, सरळ, पट्टी लावून. पण कातडी सैल असते, बसून काढलेली रेघ झोपल्यावर बोटभर सरकते. तशीच पुसट घेऊन या आणि आत जाण्याआधी टेक्निशियनला सांगा. ते जुन्या मापांवरून परत काढतील.

पुढची चिठ्ठी?